श्यामनं अंघोळ का केली?

साने गुरुजी अमळनेरला मास्तर होते ते अवघी सहा वर्षं. १९२४ ते १९३०. जन्म कोकणातला, दापोली तालुक्यातल्या पालगडचा. पण आमच्या बोरीच्या खोऱ्यातली जुनी माणसं त्यांच्याविषयी बोलायची ती पलीकडच्या गल्लीतल्या माणसाविषयी बोलावं तशी. कुणाच्या काकाला त्यांनी शिकवलेलं, कुणाच्या मामाची वही त्यांनी तपासलेली. खानदेश एज्युकेशन सोसायटीची ती शाळा, पुढं तिचं नाव प्रताप हायस्कूल झालं. खेड्यापाड्यातली पोरं शिकायला यायची आणि शाळेच्या छात्रालयात राहायची. गुरुजी वर्गात शिकवायचेच, पण छात्रालयाचंही बघायचे. पोरांच्या खोल्या झाडायचे, त्यांचे कपडे धुवायचे. स्वतःच्या हातानं एक दैनिक लिहून काढायचे, पोरांनी सकाळी उठून वाचावं म्हणून. १९२८ ला 'विद्यार्थी' नावाचं मासिकही त्यांनी काढलं.

१९३० चा सत्याग्रह आला आणि गुरुजींनी शाळा सोडली. पुढं तुरुंगच. १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबाही तिथंच. विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि गुरुजी भराभर उतरवून घ्यायचे. त्याचीच 'गीता प्रवचने' झाली. दुसऱ्या वर्षी, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहायला घेतलं, आणि ते पाच दिवसांत हातावेगळं केलं. आम्ही शेतकरी माणसं, एवढ्या झपाट्याचं आम्हाला भारी नवल वाटतं. पाच दिवसांत एकरभर कपाशी निंदून होत नाही.

१९५३ ला अत्र्यांनी त्यावर सिनेमा काढला. त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. बाया पदर ओला करून घरी यायच्या म्हणे. तेव्हापासून 'श्यामची आई' म्हणजे रडायचं पुस्तक, असं लोकांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. माझं म्हणणं असं, की रडण्यापायी त्या पुस्तकातलं बरंच काही वाचायचं राहून गेलं. आमच्या गावच्या शाळेत ते एकदा वेगळ्या तऱ्हेनं वाचलं गेलं. त्याची हकिगत कुठं लिहिलेली नाही, म्हणून मी लिहितो.

साल १९७० च्या आसपासचं. मी चौथीत. अमळनेर-धुळे रस्त्याच्या आत तीन कोसांवर आमचं गाव. दोन खोल्यांची शाळा, पुढं लिंबाचं झाड, बसायला गोणपाट. आम्हाला शिकवणारे मास्तर निवृत्तीला आलेले होते. लहानपणी ते अमळनेरच्या छात्रालयात राहिलेले, गुरुजींच्या हाताखालचे. याचा त्यांना अभिमान होता, पण ते मिरवत नसत. एवढंच, की शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी ते 'श्यामची आई'मधली एक रात्र वाचून दाखवायचे. पुस्तकाची पुठ्ठ्याची बांधणी सुटलेली होती, वरून वर्तमानपत्राचा कागद लावलेला.

आता शाळेतली बैठक कशी होती तेही सांगितलं पाहिजे. अस्पृश्यता पाळू नये असं घटनेत लिहून वीस वर्षं झाली होती. १९५५ ला त्याचा कायदाही झाला होता. शिक्षा होती, दंड होता. पण कायदा तालुक्यापर्यंत यायचा आणि एसटीनं परत जायचा. वर्गात बौद्धवाड्यातली पाच-सहा पोरं होती. गावात तेव्हा सगळे महारवाडाच म्हणायचे. त्या लोकांनी १९५६ नंतर धर्म बदलला होता. १९५८ च्या कायद्यानं वतनं गेली आणि गावकीची कामं त्यांनी टाकून दिली होती. तरी त्यांची पोरं दाराजवळच्या गोणपाटावर. मास्तरांनी बसवलेली नव्हती, आपोआप तिथं बसायची. हे 'आपोआप' फार वाईट असतं. पाण्याचा माठ कोपऱ्यात. आम्ही पेला बुडवून प्यायचो. त्या पोरांना तहान लागली की आमच्यातला कुणीतरी ओगराळ्यानं वरून ओतायचा आणि ती ओंजळीनं प्यायची. मास्तरांना हे दिसत नव्हतं असं नाही.

तर त्या शनिवारी मोळीची गोष्ट निघाली. तुम्ही वाचली असेल. एक म्हातारी महारीण, डोक्यावरची लाकडाची मोळी खाली पडलेली. तिला ती परत उचलवत नाही. शिवायचं नाही म्हणून कुणी हात लावत नाही. श्यामची आई हे बघते आणि श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे. श्याम म्हणतो, लोक मला बोलतील. आई म्हणते, घरी जाऊन अंघोळ करणार आहे असं त्यांना सांग. श्याम जातो, मोळी उचलून देतो. आईला म्हणायचं असतं ते एवढंच, की देवाला सगळी माणसं सारखी.

मास्तरांचा आवाज भरून आला होता. वर्ग गप्प. तेवढ्यात दाराजवळच्या गोणपाटावरून एका पोरानं विचारलं, अगदी सरळ, शेतातली वाट विचारावी तसं :

"मंग गुरजी, श्यामनी आंग कसाले धोयं?"

म्हणजे, मग श्यामनं अंघोळ कशाला केली? देवाला सगळी सारखी, आईलाही सारखी, तर मोळी उचलल्यावर अंग धुवायचं काय कारण?

आम्ही हसलो. चौथीतली पोरं कशालाही हसतात. मास्तर हसले नाहीत. पुस्तक मिटवून त्यांनी टेबलावर ठेवलं, चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. घंटा झाली, शाळा सुटली. उत्तर काही मिळालं नाही.

मी घरी जाऊन आजीला गोष्ट सांगितली. आमची आजी अहिराणीशिवाय दुसरं बोलायची नाही, वाचता तर येतच नव्हतं, पण गोष्ट ऐकायला तिला फार आवडायचं. म्हातारी मोळीपाशी उभी आहे आणि कुणी येत नाही, हे ऐकताना आजीच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. म्हणाली, कशी माय होती ती, धन्य तिची कूस. मग पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, आज वर्गात त्या पोरांना पाणी कुणी ओतलं? मी म्हटलं, मी. लगेच म्हणाली, "पहिले आंग धोई ले, मंग घरमा ये." मी तोवर ओसरीवरच बसलो होतो.

आजी खोटं रडली नव्हती. ते रडणं खरं होतं आणि अंग धुवायला लावणंही खरं होतं. दोन्ही एकाच बाईत, एकाच घटकेत. पुढं पुष्कळ मोठ्या माणसांची भाषणं ऐकली तेव्हा मला आजीची आठवण व्हायची.

सोमवारी मास्तर वर्गात आले ते पुस्तक न घेता. म्हणाले, परवा विचारलेला प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर या पुस्तकात नाही. ते पंढरपूरला आहे.

मग त्यांनी सांगितलं ते असं. श्यामची आई म्हणजे गुरुजींची खरी आई यशोदाबाई. त्या १९१७ ला वारल्या. त्यांच्या काळात, त्यांच्या गावात, ब्राह्मणाच्या बाईनं पोराला मोळी उचलायला पाठवलं हेच मोठं होतं. अंघोळीची पळवाट ठेवली म्हणूनच तिला ते करता आलं. गुरुजींनी ती अंघोळ पुस्तकातून गाळली नाही. घडलं ते लिहिलं. पण पोरगा आईपाशी थांबला नाही. १९४६ च्या अखेरीपासून गुरुजी महाराष्ट्रभर हिंडले, पंढरपूरचं विठोबाचं देऊळ हरिजनांना उघडा म्हणून. बडवे ऐकेनात. तेव्हा १ मे १९४७ पासून गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपासाला बसले. दहा दिवस उपास चालला. दादासाहेब मावळंकर मध्ये पडले, बोलणी झाली, देऊळ उघडायचं ठरलं, तेव्हा उपास सुटला. मास्तर म्हणाले, श्यामनं अंघोळ केली ती लहानपणी. मोठेपणी तो म्हणाला की अंघोळ करायची ती देवळानं करावी.

हे शेवटचं वाक्य मास्तरांचं, गुरुजींचं नव्हे. मास्तर कधी कधी असं आपल्या पदरचं घालायचे. पण आम्हाला कळलं.

एवढ्यावर गोष्ट मिटली असती. पण दोन दिवसांनी त्या पोराचा बाप शाळेत आला. रंगानं काळा, उंच, डोक्याला निळी टोपी. त्यानं धुळ्याला गिरणीत काम केलेलं होतं. ३१ जुलै १९३७ ला बाबासाहेब आंबेडकर धुळ्याला कोर्टाच्या कामासाठी आले, तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यावर उतरले होते. या माणसाचा बाप तेव्हा त्यांना बघायला धुळ्यापर्यंत पायी गेला होता. आजही दर ३१ जुलैला त्या बंगल्यावर हजारो लोक जमतात. गेला नसाल तर एकदा जा, पावसाळ्यात लळिंगचा डोंगर हिरवागार असतो.

आम्हाला वाटलं, आता भांडण. तो दारातच उभा राहिला. मास्तरांना म्हणाला, "गुरजी, गोष्ट चांगली आहे. पण तुमच्या गोष्टीत आमची म्हातारी सदानकदा मोळीखालीच का असते? तिला कुणीतरी उचलू लागावं, आणि तुमच्या पोरांनी रडावं. आमच्या पोरांनी त्यातून काय घ्यावं?"

मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, तुम्ही सांगा एक गोष्ट. या आत.

माणूस चप्पल बाहेर काढून आत आला. टेबलाजवळ उभा राहून त्यानं जी गोष्ट सांगितली ती मला अजून पाठ आहे. १९०१ चं साल. भीमराव नऊ-दहा वर्षांचा. वडील गोरेगावला नोकरीवर, दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार. पोरं साताऱ्याकडून त्यांना भेटायला निघाली. भीम, थोरला भाऊ आणि बहिणीची पोरं. नवे कपडे, नव्या टोप्या. आगगाडीनं मसूर स्टेशनावर उतरली. घ्यायला कुणी आलेलं नाही, कारण पत्र पोचलं होतं पण ते वडिलांना द्यायचं शिपाई विसरला. स्टेशनमास्तर गोड बोलत होता. कोण तुम्ही, असं त्यानं विचारलं. महार म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा फिरला. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी एक तयार झाला. भाडं दुप्पट, आणि गाडी पोरांनी हाकायची. गाडीवान पायी चालणार. रात्र झाली. डबा बरोबर होता, पण पाणी नव्हतं, आणि पाण्याशिवाय घास उतरेना. वाटेत टोलनाका लागला. गाडीवानानं शिकवलं, मुसलमान आहोत म्हणून सांगा. भीमाला उर्दू बोली येत होती. त्यानं पाणी मागितलं. तरी मिळालं नाही. पोरं उपाशी, तहानलेली, रात्रभर गाडीतच पडून राहिली.

त्या माणसानं हे सांगताना आवाज चढवला नाही. वर्गात एकही पोरगं रडलं नाही. पहिल्या रांगेतल्या पाटलाच्या मुलीनं विचारलं, "मग सकाळी तरी पाणी मिळालं का?" आम्हाला तेवढंच हवं होतं. नऊ वर्षांच्या पोराला तहान म्हणजे काय ते कळतं. दया म्हणजे काय ते कळायला वेळ लागतो.

श्याम १८९९ चा, भीम १८९१ चा. दोघं एकाच महाराष्ट्रात, आठ वर्षांच्या अंतरानं वाढले. एकाची गोष्ट उचलू लागणाऱ्याची, दुसऱ्याची ज्याला पाणी मिळालं नाही त्याची. माझं मत विचाराल तर या दोन गोष्टी एका बैठकीत सांगितल्या पाहिजेत. नुसती पहिली सांगितली तर ऐकणारं पोर स्वतःला उदार समजायला लागतं. नुसती दुसरी सांगितली तर आमच्यासारख्यांची पोरं म्हणतात, हे आपल्याकडं नव्हतं, तिकडं साताऱ्याकडं असेल. मोळीची गोष्ट ऐकलेली असली की तसं म्हणता येत नाही.

बाप गेल्यावर वर्गातल्या सगळ्यांनी एकदम कोपऱ्याकडं पाहिलं. माठाकडं. मास्तरांनीही पाहिलं. ते उठले, ओगराळं उचललं आणि टेबलाच्या खणात टाकलं. म्हणाले, उद्यापासून माठ भरायची आणि पाणी द्यायची पाळी हजेरीपटाप्रमाणं. हजेरीपट आडनावाच्या अक्षरानं लावलेला होता. त्यात कुणाचंच काही चालत नव्हतं.

पुढं काय झालं तेही सांगतो, नाहीतर हे सिनेमासारखं होईल. बौद्धवाड्यातल्या पोराची पहिली पाळी आली त्या दिवशी वर्गातली निम्मी पोरं पाणी प्यायली नाहीत. मधल्या सुट्टीत घरी पळाली. दुसऱ्या दिवसापासून काही पोरं घरून तांब्या आणायला लागली. चार-पाच पोरं आठवडाभर शाळेतच आली नाहीत. चावडीवर बैठक झाली, तालुक्याला अर्ज गेला की मास्तर शिकवायचं सोडून भलतंच करतात. मास्तरांना बोलावणं आलं. ते जाऊन आले. काय झालं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. पाळी मात्र बंद केली नाही. पुढच्या साली त्यांची बदली झाली, निवृत्तीला थोडे महिने राहिले असताना. आजीनं मला तांब्या दिला होता. तो मी नेत होतो, पण जड व्हायचा. कधी कधी माठातलंच प्यायचो आणि तांबं भरलेलं परत आणायचो. आजी तांबं बघायची, काही बोलायची नाही.

मग १९७२ चा दुष्काळ पडला. सगळ्या विहिरी आटल्या. पाण्याचा टँकर यायचा तो वेशीवर. एकच नळी, आणि सगळ्या गावाचे हंडे एकाला एक लागलेले. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला सगळे शेजारी-शेजारी, आणि पिण्याचं पिंपही एकच. मास्तरांना जे जमलं नाही ते दुष्काळानं दोन महिन्यांत करून दाखवलं. पाऊस पडला, विहिरी भरल्या, आणि बरेचसे लोक आपापल्या विहिरीवर परत गेले. सगळे नाही. शाळेतला माठ परत गेला नाही. तिथं नवं पोरगं आलं की त्याला पाळी लागायची. का लागते, हे विचारायचं कारणच उरलं नव्हतं.

ज्यानं प्रश्न विचारला तो पुढं एसटीत लागला. धुळ्याला असतो. लग्नाकार्यात भेट होते. आता आम्ही दोघंही म्हातारे. एकदा मी त्याला म्हटलं, तुझ्या प्रश्नानं मास्तरांची बदली झाली. तो म्हणाला, "भाऊ, माझ्या प्रश्नानं नाही. मास्तरांच्या उत्तरानं."

आता शाळांमध्ये गोष्टीखाली स्वाध्याय असतो. तात्पर्य लिहा, समानार्थी शब्द लिहा. माझी नात अमळनेरलाच शिकते. तिच्या बाई मोळीची गोष्ट सांगताना जातीचा शब्दच गाळतात. 'एक गरीब म्हातारी' म्हणतात. बाईंचं चुकतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या वर्गात साठ पोरं, कुणाचे आईबाप केव्हा भांडायला येतील याचा नेम नाही. आणि तो शब्द वर्गात मोठ्यानं उच्चारला की ज्या पोरांकडं सगळ्यांच्या माना वळतात, त्यांना काय होतं हेही बघितलं पाहिजे. आमच्या वेळी कुणी बघितलं नाही. पण शब्द गाळला की गोष्टच उभी राहत नाही. गरीब म्हातारीची मोळी उचलायला लोकांची कसली अडचण? श्यामला लोक का बोलतील? अंघोळ कशाला? नातीनं मला हेच विचारलं. तिला वाटलं, म्हातारीला खरूज असेल.

म्हणून गेली काही वर्षं २४ डिसेंबरला, गुरुजींच्या जन्मदिवशी, मी आमच्या गावच्या शाळेत जातो. मी दहावी शिकलेला माणूस, मला भाषण येत नाही. दोन गोष्टी सांगतो, मोळीची आणि बैलगाडीची. शब्द गाळत नाही. मात्र आधी पोरांना सांगतो, की हा शब्द शिवीसारखा वापरायचे, माणसाला लांब ठेवायला, म्हणून तो कसा वापरला जायचा ते कळायला हवं. मग गप्प बसतो. अर्धा तास तरी पोरांना बोलू द्यावं लागतं. पहिली दहा मिनिटं ती शिक्षकांना आवडेल असंच बोलतात, समता, बंधुता वगैरे. ते संपल्यावर खरं सुरू होतं. कुणी सांगतं, आमच्या आत्याकडं अजून चहाचे कप वेगळे आहेत. कुणी सांगतं, आदिवासी पाड्यावरून येणाऱ्या पोराला शेजारी बसू देत नाहीत. शिक्षक थोडे अस्वस्थ होतात, माझ्याकडं बघतात. मी खिडकीबाहेर बघतो.

मागच्या साली सहावीतल्या एका मुलीनं नवंच काढलं. म्हणाली, आजोबा, आईला एवढं वाटत होतं तर ती स्वतः का नाही गेली? पोराला का पाठवलं?

मी चौथीत होतो तेव्हापासून ही गोष्ट ऐकतोय, सांगतोय. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी वर्गालाच विचारलं. एक मुलगा म्हणाला, तिला सासुरवास असेल. दुसरा म्हणाला, बायांना तेव्हा असं रस्त्यात जाता येत नव्हतं, लोकांनी तिला जास्त बोललं असतं. मागं बसलेली एक मुलगी, भील वस्तीवरून येणारी, इतका वेळ काहीच बोलली नव्हती. ती म्हणाली, "म्हातारीलाच विचारा ना. तिला कोण यायला हवं होतं?"